महाराजांचा डावा पाय

पाचोऱ्याच्या रेल्वे फाटकाशी सोमवारी गर्दी लोटली होती. सिग्नलच्या खांबाजवळ, रुळालगत घोंगडी पसरून भस्मगिरी महाराज बसले होते. चिमटा उंचावून ते पुटपुटत राहत आणि मधेच गरजत, "नम!" लगेच सिग्नलचा लोखंडी हात खटकन खाली. मग गाडी येई अन् बायाबापड्या लोटांगण घालीत.

"लोखंड माझं ऐकतं, मग इंजिन का ऐकणार नाही?" महाराज म्हणत. "माझा गंडा बांधा अन् खुशाल रूळ ओलांडा. गाडी जागीच थिजेल."

धुरपदाबाईला घोर लागला तो इथे. तिचा नवरा लोटन ठार बहिरा, शेत रुळांपलीकडे. आजवर तो दोन्हीकडे बघून जाई. गंडा बांधल्यापासून मान खाली घालून सरळ चालत सुटे. काल इंजिन त्याच्या धोतराला वारा घालून गेलं होतं. तिने हात जोडले, तर त्याने हसून मनगटावरचा गंडा दाखवला.

ती महाराजांच्या पाया पडायला गेली. उजवा पाय पुढे आला, डावा घोंगडीखालीच राहिला.

"महाराज, दुसरा पाय कोठे शे?"

"तो समाधीत आहे, माई."

धुरपदाबाईने जन्मभर व्रतं केली होती. पण एक पाय समाधीत अन् एक नमस्काराला मोकळा, असा संत तिने कीर्तनातही ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती लोटनला घेऊन आली. सोबत पाट, परात, तांब्या.

"पाद्यपूजा करनी शे. एकच पाय धुवा तर मले पाप लागी."

गर्दीने माना डोलावल्या. पूजेला नाही कसं म्हणणार? दोन्ही पाय परातीत आले.

"आते सिग्नल नमवा, महाराज."

"नम!" सिग्नल ढिम्म. "अरे नम!" तरी ढिम्मच.

"आज लोखंड रुसलंय," म्हणून महाराज गप्प होऊन घाम पुसू लागले. तेवढ्यात सिग्नलचा हात आपला आपण खाली आला.

"महाराज, तुम्ही तं काहीच बोलनात नही," गर्दीतला म्हातारा कौतिक म्हणाला.

धुरपदाबाईने घोंगडीचं टोक उचललं. खालून तार गेली होती, स्टेशनच्या केबिनीपासून थेट सिग्नलपर्यंत. केबिनवाला दांडा ओढी, तार ताणली जाई, मग हात पडे. महाराजांची टाच तारेवर असे. ताण कळला की तोंडातून "नम!" निघे.

लोटनला ऐकू काही आलं नव्हतं. पण महाराजांचं तोंड मिटलेलं असताना सिग्नल पडला, हे त्याने पाहिलं होतं. त्याने गंडा दातांनी तोडला. गाडी धडधडत गेली, क्षणभरही थिजली नाही. मग दोन्हीकडे बघून तो पलीकडे गेला.

परातीतलं पाणी धुरपदाबाईने कुणाला तीर्थ म्हणून दिलं नाही, बाभळीला ओतलं.

बायांनो, उपास करा, जप करा, देवाला कोण नको म्हणतं? पण इंजिनाला गंडा दिसत नाही. आपल्याला इंजिन दिसतं, तर बघावं की.