चौथ्या दिवसाची वीणा

सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. सात दिवस, सात रात्री ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. एकाचा पहारा संपला की दुसरा तिच्या पाया पडतो, गळ्यात घेतो, आणि मगच पहिला मोकळा होतो. मेडशीच्या देवळात हा नेम कधी चुकला नव्हता. पहारा दोन तासांचा. पण त्या वर्षी, पंच्याहत्तरच्या श्रावणात, देवमननं चौथा दिवस अख्खाच्या अख्खा मागून घेतला. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत.

"पाय राह्यतीन का तुहे?" पहाऱ्याची वही लिहिणारे भाऊसिंग मास्तर म्हणाले. "पन्नाशी उलटली तुही."

"पोट्टं तथी पाण्यात उभं हाय, मास्तर. म्या जमिनीवर उभं राह्याचं, त्यात काय मोठं?"

पोट्टं म्हणजे गोपीचंद. एकुलता एक. मॅट्रिक झाला आणि शेलूबाजारच्या रामरावानं त्याला मुंबईला नेऊन मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून लावून दिला. रामरावानं अशी आठ-दहा पोरं लावली होती. कंपनीचा इकडचा माणूसच तो. ज्या घरानं समुद्र कॅलेंडरवरच पाहिला होता, त्या घरी आता दोन-तीन महिन्यांनी परदेशी तिकिटाचं पाकीट यायचं. देवमन ते आधी देवापुढे ठेवायचा, मग बायकोला, वच्छलेला, वाचून दाखवायचा.

श्रावणातलं पत्र मात्र मुंबई बंदरातूनच टाकलेलं होतं.

"बाबा, यंदा आमचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाणार नाही. सुएझचा कालवा आठ वर्षं लढाईपायी बंद होता, तो जूनमध्ये उघडला. त्यातून गेलं की दोन आठवड्यांची वाट वाचते. कालवा अरुंद आहे, दोन जहाजं समोरासमोर जात नाहीत. म्हणून रांगेनं सोडतात, आणि मधल्या मोठ्या खाऱ्या तळ्यात एक रांग नांगर टाकून थांबते, दुसरी निघून जाते. तळाशी बुडालेली जहाजं होती, सुरुंग होते, ते काढले म्हणतात. साफ केलेल्या जागेला तरंगत्या पिंपांच्या खुणा आहेत. खुणेच्या आत राहिलं तर भीती नाही. ज्याला यायचं नाही त्यानं इथंच उतरावं, असं सांगितलं. पण उतरला त्याला पुन्हा जहाज नाही, हे न सांगताच सगळ्यांना कळलं. जहाजात आपल्याकडचीच सरकीची ढेप भरली आहे. पोत्यांना वास येतो तेव्हा घरची म्हैस आठवते. २६ तारखेला कालव्यात शिरू. आईला सुरुंगाचं सांगू नका."

देवमननं सांगितलं नाही. वच्छलेनं विचारलंही नाही. पण सव्वीस तारीख, मंगळवार, सप्ताहाचा चौथा दिवस आला तेव्हा ती पहाटेच देवळात येऊन खांबाला टेकून बसली, ती सूर्य मावळल्यावरच उठली. देवमन उभा होता. डावा हात वीणेवर, उजव्या हाताची बोटं तारेवर, पाण्याचा घोटसुद्धा दुसऱ्यानं पाजला. दुपारी मांड्या थरथरू लागल्या, तसं त्याला वाटायचं, तिकडे गोपीचंद जहाजाच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, उभा राहून पाण्याकडे पाहतो आहे. आपण बसलो तर तोही बसेल. भोळा भाव म्हणा. पण भोळ्या भावावरच तर हे सगळं उभं आहे.

त्यानंतर पत्र नाही. तीन आठवडे झाले. भाद्रपदाची एकादशी आली.

एकादशीला तिसऱ्या प्रहरी नानाजीबुवांचं कीर्तन असायचं. बुवा बोलायचे घरच्यासारखं, गळा मात्र असा की एक तान घेतली की बाहेर बांधलेले बैलसुद्धा कान टवकारत. त्या दिवशी पूर्वरंगात त्यांनी पैनगंगेच्या नावाड्याचा दृष्टांत घेतला.

"नदीले पूर हाय. काठावर वऱ्हाडी उभे हायेत, मुहूर्त टळून राह्यला. नावाडी काय करते? लोकाइले बसवते अन् आपण काठावर राह्यते?"

"नाई!" सगळे ओरडले.

"नाई बाप्पा! आधी आपण बसते. बुडाले हात लावून पाह्यते, कोठी पाणी झिरपते का. मंग म्हणते, या आता. जो आधी बसत नाई, तो नावाडी नाई, तो दलाल. संत म्हणजे कोण? आपल्या आधी नावेत बसलेला."

मृदंगावर थाप पडली, गजर झाला, आणि मधल्या विसाव्यात बुवांच्या गळ्यात हार पडला, बुक्क्याची वाटी कपाळाकपाळांवरून फिरू लागली. देवमन टाळकऱ्यांत उभा होता. डोळे भरून आले होते. नेमकी तेव्हाच देवळासमोर जीप थांबली.

रामराव आत आला. पांढराशुभ्र बुशशर्ट, काखेत फाइल. देवाला एक हात लावल्यासारखा केला आणि देवमनजवळ सरकला.

"देवमनभाऊ, दोन मिनिटं बाहीर येता का? सही पायजे एक."

"गोपीचंदचं काई कळलं?"

"मजेत हाय. तुमच्यापेक्षा चांगलं जेवते."

देवमनचा जीव भांड्यात पडला. टाळ गळ्यात टाकून तो हसला. "मंग बाहीर कायले? अथीच द्या. देवासमोर सही केली तर चालत नाई का तुमच्या कंपनीले?"

रामरावाला ते आवडलं नाही, पण त्यानं कागद काढला. वर इंग्रजी, खाली मराठी. देवमननं तो उजेडाकडे धरून सावकाश वाचला. सवयीनं मोठ्यानं वाचला, पोथी वाचतो तसा.

"माझा मुलगा गोपीचंद हा ज्या जहाजावर नोकरीस आहे, त्यास कालव्यातून जाताना सुरुंग व न फुटलेला दारूगोळा यांपासून असलेल्या धोक्याची मला पूर्ण कल्पना देण्यात आली आहे. मी स्वखुशीने संमती देत असून काही इजा अगर मृत्यू झाल्यास कंपनीस जबाबदार धरणार नाही."

बुक्क्याची वाटी होती तिथं थांबली.

"सुरुंग?" वच्छला बायकांतून म्हणाली. "कायचा सुरुंग?"

"काही नाई हो वयनी, कागदाची भाषा हाय ते," रामराव म्हणाला. "फॉर्मालिटी. जहाज तर कवाच निंघून गेलं त्या कालव्यातून. आता निस्ता कागद उरला."

"निंघून गेलं?" देवमननं मान वर केली. "मंग आता संमती कायची? रामराव, पोरगी सासरी नांदून राह्यली, अन् तुमी आता पसंती इचारायले आले?"

लोक हसले. रामरावही हसला, पण त्याचं हसणं लवकर संपलं. "करा ना भाऊ सही. मले अजून मालेगावले जायचं हाय."

देवमननं कागदाचा तळ पाहिला. तिथं रामरावाची सही आधीच होती: समक्ष. आणि तिच्या शेजारी टंकलेली तारीख. २६ ऑगस्ट १९७५.

त्याला आधी कळलंच नाही, आपल्याला काय होतंय. कानशिलं तापली. हा माणूस जन्मात कुणावर ओरडला नव्हता. बैलाला चाबूक उगारला तरी मागाहून त्याच्या पाठीवरून हात फिरवणारा.

"मास्तर," तो म्हणाला, "पहाऱ्याची वही आणा."

भाऊसिंग मास्तरांनी देव्हाऱ्यामागच्या पेटीतून वही काढली. चष्मा लावला. "चौथा दिवस. मंगळवार, सव्वीस ऑगस्ट. सूर्योदय ते सूर्यास्त, वीणा: देवमन. खाली माही सही."

"रामराव," देवमन म्हणाला, "त्या दिशी तुमी कोठी होते ते तुमाले ठाव. म्या अथी होतो. ह्या फरशीवर. माहे दोनी हात वीणेले होते. साऱ्या मेडशीनं पाह्यलं. अन् तुमी लेहून राह्यले, का त्याच दिशी म्या तुमच्यासमोर बसून, धोका समजून, खुशीनं पोराच्या मरणावर सही केली?"

"भाऊ, तारीख कंपनीनं टाकली—"

"अन् 'समक्ष' कोनं टाकलं? देवानं?"

नानाजीबुवांनी हातातल्या चिपळ्या खाली ठेवल्या. वच्छला उठली. डोक्यावरचा पदर सावरत पुरुषांच्या मधून सरळ रामरावासमोर येऊन उभी राहिली.

"जहाज धडधाकट निंघालं असतं, तर तू गाडी घेऊन एवढ्या दूर आला नसता. मागची तारीख कायले लागते, हे मले अडाणी बाईलेही समजते. माह्या गळ्याची आण हाय तुले. लेकरू जितं हाय का?"

रामरावानं कपाळावरचा घाम पुसला. बुक्का लागलेलं नव्हतं ते एकच कपाळ होतं तिथं.

"जितं हाय, वयनी. दवाखान्यात हाय तिकडंच." मग तो बोलतच गेला, थांबवला असता तरी थांबला नसता. "सत्तावीसले झालं. तळ्यात थांबायची पाळी होती. खुणेच्या आत गर्दी होती, मांगं थांबा म्हणे. कप्तानाले घाई, कंपनीची तार होती का एक दिवस वाया घालवू नोका. त्यायनं पिंपाइच्या बाहीर नांगर टाकला. उचलताना साखळीसंगं तळाचं कायतरी वर आलं अन् फुटलं. गोपीचंद नांगरापाशी होता. डावा पाय... हाय, पण मोडला. मले मुंबईहून फोन आला. कागद करून आण म्हणे."

"खुणेच्या बाहीर," देवमन हळू म्हणाला. पोरानं पत्रात लिहिलं होतं, खुणेच्या आत राहिलं तर भीती नाही. धोका पोराला कळला होता, कंपनीला कळला होता, पिंपं पाण्यावर तरंगत होती. आंधळ्यालाही दिसली असती.

वच्छला रडली नाही. "वीस दिवस," एवढंच म्हणाली. "वीस दिवस मी भाकर खाल्ली."

रामरावानं कागदाकडे हात केला. "द्या भाऊ तो. नोका करू सही. मी सांगतो त्याइले."

"हे नाई भेटत आता," देवमन म्हणाला.

"कंपनीचा कागद हाय!"

"नाव माहं, पोरगं माहं, तारीख माह्या पहाऱ्याची. कंपनीचं काय हाय ह्यात?"

नानाजीबुवांनी आपल्या गळ्यातला हार उतरवून देवाला घातला. "पूर्वरंग म्या सांगतला," ते म्हणाले. "उत्तररंग आज देवमनचा. मास्तर, घ्या लेहून."

देवळाच्या पायरीवर बसून मास्तरांनी कागदाच्या पाठीवर लिहिलं. देवमननं सांगितलं तसं, एक शब्द इकडचा तिकडे नाही: सव्वीस तारखेला मी वीणा घेऊन उभा होतो. मला कुणीही काही विचारलं नाही. मी कशालाही संमती दिली नाही. जे लिहिलं आहे ते खोटं आहे. खाली त्यानं सही केली. मग सह्या करणारे आले, आणि सह्या न येणारे त्याहून जास्त आले. शाईचा डबा नव्हता. बुवांनी बुक्क्याच्या वाटीत तीर्थाचं पाणी ओतलं, बोटानं कालवलं आणि वाटी पुढे सरकवली. पहिला अंगठा वच्छलेचा. कागद पुरला नाही तेव्हा मास्तरांनी पहाऱ्याच्या वहीची कोरी पानं फाडून जोडली.

संध्याकाळची अकोल्याची एसटी निघून गेली होती. मुंबईला कंपनीच्या कचेरीत जायचं म्हणून देवमननं पिशवी घेतली, कागद पोथीच्या फडक्यात बांधला आणि मास्तरांसोबत जीपपाशी आला. रामराव दाराशी घुटमळत होता.

"मी... मी कायले मुंबईले? माहं काय काम तथी?"

"समक्ष तुमी हा ना?" देवमन म्हणाला. "आधी तुमी बसा, रामराव. बुवांनं सांगतलं ना आताच. नावाडी आधी बसते."

रामराव बसला. साऱ्या गावासमोर न बसून करतो काय!

तिसऱ्या दिवशी मुंबईत, कंपनीच्या कचेरीत, काचेच्या टेबलाआडचा साहेब फडकं सोडलं जाताना नाक आक्रसून म्हणाला, "वास कसला येतोय हा?"

"बुक्क्याचा," मास्तर म्हणाले.

साहेबानं पानं उलटली. काळे अंगठे, एकाखाली एक, काही वाळून टेबलाच्या काचेवर भुकटी सांडत होते. त्यानं रामरावाकडे पाहिलं. रामराव जमिनीकडे पाहत होता.

"रामराव, तुमच्यासमोर संमती दिली होती ना यांनी सव्वीसला?"

"नाई साहेब," रामराव म्हणाला. जीपमध्ये, आगगाडीत, तीन दिवस देवमन त्याच्याशी एक शब्द वाकडा बोलला नव्हता. दोन वेळा भाकरीची चवड मात्र पुढे केली होती. त्यानंच तो मोडला असावा. "माही सही खोटी हाय. तुमी म्हणलं म्हणून केली."

साहेबानं कपाटातून एक फाइल मागवली. वरतीच एक तार होती. मास्तरांनी ती टेबलाच्या अलीकडूनच उलटी वाचली आणि त्यांचा चेहरा फिरला. तार अठ्ठावीस ऑगस्टची होती, तिकडच्या दवाखान्यातून आलेली. खलाशी गोपीचंद जखमी, आईवडिलांना तत्काळ कळवा.

"हे तुमाले कळवाले अठ्ठावीसलेच आलं होतं," मास्तर देवमनला म्हणाले. "अथी पडून होतं."

देवमननं तार हातात घेतली. इंग्रजी अक्षरं त्याला लागत नव्हती. पण मधोमध मेडशी आहे, हे मास्तरांच्या बोटानं दाखवलं. त्यानं ती घडी करून पोथीच्या फडक्यात ठेवली आणि खुर्ची ओढून बसला. तिथं आल्यापासून पहिल्यांदाच.

"साहेब," तो म्हणाला, "पोराचा इलाज कोण करते अन् त्याले घरी कोण आणते, हे तुमी ह्याच कागदाइच्या शेवटच्या पानावर लेहून द्या. खरी तारीख टाकून. तोवर मी अथून हालत नाई. मले पहाऱ्याची सवय हाय. सव्वीसले माह्या हातात वीणा होती. अठ्ठावीसपासून तुमच्या हातात काय होतं, ते बी लेहा."

साहेबानं पेनाचं टोपण काढलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून, त्यानं आधी तारीख घातली.