आईच्या चौदा ओळी

आई गेल्यावर ताईनं तिच्या जुन्या संगणकातली, तिनं लिहिलेल्या गाण्यांची फाइल आपल्या संगणकावर उघडली. सगळी गाणी एकाच लांबलचक ओळीत धावत होती.

"बोलायचीही अशीच," धाकटा भाऊ म्हणाला. "मध्ये थांबणं कुठलं. आण, मी अंदाजानं ओळी तोडतो."

"हात लावू नकोस रे. तिनं जिथं एंटर दाबलं, तिथंच ओळ मोडायला हवी."

जुना संगणक ओळीच्या शेवटी वेगळी खूण ठेवायचा, आणि ती खूण नव्या एडिटरला कळत नव्हती. ताईनं सेटिंगमध्ये जुनी पद्धत निवडून फाइल पुन्हा उघडली. एकेक ओळ आपापल्या जागी येऊन बसली.

शेवटच्या गाण्याच्या मात्र दोनच ओळी होत्या. खाली नुसती कोरी जागा.

"ही पुसू का, ताई?"

ताईनं रिकाम्या ओळी मोजल्या. चौदा. अंथरुणाला खिळल्यावर आईनं संगणक उशाशी घेतला होता, आणि शेवटचे दोन आठवडे रोज ताईला फोनवर सांगायची, "आजही एक ओळ झाली गं."

"राहू दे," ताई म्हणाली.

भाऊ शेजारी टेकला आणि कर्सर एकेक ओळ खाली नेत राहिला.