राक्षस एका रात्री दोन गावांत मरत नाही

चाफो सिस्टिम्स ही कंपनी म्हापशाला बसस्टँडच्या मागे, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर होती. खाली नळ, बिजागऱ्या आणि कमोड विकले जात, वर सॉफ्टवेअर. खालच्या मालाची हमी दुकानदार बिलावर लिहून देई. वरच्या मालाची हमी कोण देतं, हा प्रश्न सहा वर्षांत कुणी विचारला नव्हता.

कंपनीत माणसं तीन. मालक देवेश, प्रोग्रॅम लिहिणारा साईश, आणि सुविधा. सुविधाच्या कार्डावर ‘टेस्टर’ असं छापलेलं होतं. त्याआधी तिने पेडण्याच्या एका वकिलाकडे वीस वर्षं टायपिंग केलं होतं. कॉम्प्युटर तिला कुणी शिकवला नाही. तो कशाने बंद पडतो हे बघत बघत ती शिकली, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिच्या लक्षात आलं की बंद पाडण्याचाही पगार मिळतो.

या वर्षी कंपनीने ‘जत्रासखा’ नावाचं ॲप केलं होतं. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतल्या एकशे चाळीस जत्रा. कुठली कधी, वाट कुठून, गाडी कुठे लावायची, सगळं फोनात. रविवारी पेडण्याला हॉलमध्ये त्याचं उद्घाटन होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या, पाहुणा म्हणून एक वजनदार माणूस ठरला होता, आणि समोशांची ऑर्डर गेली होती. समोशांची ऑर्डर गेली की गोव्यात कार्यक्रम मागे घेता येत नाही.

प्रत्येक ॲप बाहेर पडण्याआधी भरायचा एक फॉर्म देवेशने कुठूनसा मिळवला होता. शेवटची ओळ होती, ‘तपासणी केली : नाव व सही’. फॉर्म मिळाला म्हणजे तपासणीही झाली, असं तिघांनाही मनातून वाटत असावं.

सोमवारी तपासणी झाली. सुविधाने सगळी बटणं दाबली, नावाच्या जागी शिव्या घातल्या, मधेच फोन बंद केला, उलटा धरला. ॲप मुकाट्याने सोसत राहिलं. मग तारखा. देवेशने आपल्या गावची जत्रा काढली. बरोबर. साईशने डिचोलीकडची आपली काढली. बरोबर. सुविधाने स्वतःच्या गावची काढली, तीही बरोबर. एकशे चाळिसातल्या तीन. उरलेल्या एकशे सदतीस जत्रांना आपापले देव होते, त्यांनी बघून घ्यावं.

सुविधाने सही केली.

मंगळवारी देवेश गावच्या देवळात जाऊन कौल घेऊन आला. देवाला पाकळ्या लावतात आणि उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. देवेश आला तो हसतच आला, आणि फॉर्मवर सुविधाच्या सहीखाली त्याने लिहिलं, ‘देवाचा कौल उजवा’. सुविधाला जरा लागलं. इतकी वर्षं आपल्या वर साहेब असतो एवढं तिला ठाऊक होतं. हाताखाली देव पहिल्यांदाच आला होता.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सुविधा बाजारात गेली, कारण तिथे तिची वयनी बसते. वयनी म्हणजे जानकी, सुविधाच्या थोरल्या भावाची, शंभूची बायको. शंभूला जाऊन दोन वर्षं झाली. जानकी खाजं विकते, जत्रेत मिळणारं गूळ-आल्याचं. शुक्रवारी म्हापशाला, आणि जत्रांचे दिवस आले की तीन बायकांबरोबर टेंपो ठरवून या जत्रेतून त्या जत्रेत.

तारखा शंभू बघायचा. गावोगाव जाऊन मानकऱ्यांना विचारायचा आणि डोक्यात ठेवायचा, त्यामुळे तो गेला तेव्हा तारखाही गेल्या. गेल्या वर्षी जानकी एका माळावर खाज्याचे डबे घेऊन उतरली तेव्हा तिथे बांबू सोडणारी माणसं आणि चार कुत्री होती. जत्रा आदल्या रात्री होऊन गेली होती. शेजाऱ्यांनी शिमग्यापर्यंत फुकटचं खाजं खाल्लं आणि वर म्हणाले, यंदा आलं कमी पडलं.

तेव्हा सुविधाने शब्द दिला होता. “फुडल्या वर्सा कोणाक विचारू नको. माझ्या फोनात सगळा येतला. खाली माझी सही आसतली.”

तो शब्द पुरा करायला ती आज फोन घेऊन आली होती. जानकीने हात पदराला पुसले, फोन लांब धरला आणि मान मागे घेतली.

“हां. वडाची जत्रा सोळाक.” खाजेवाल्या बायका जत्रांना देवाच्या नावाने ओळखत नाहीत. आपण कशाखाली बसतो, त्यावरून नाव. “आणि तळ्याची…” तिने बोट फिरवलं. “तळ्याची पण सोळाक?”

“लिवलेला आसा तर आसात.”

“मी दोन्हीकडे बसतंय गो.”

“औंदा तशी आली आसतली.”

“कशी येतली? दशावतारी मंडळी एकच. वडाकडे राक्षस पहाटे मरता, तसोच टेंपोत बसता आणि दुसऱ्या दिवशी तळ्याकडे परत मरता. एका राती दोन गावांत मरतलो कसो?”

“वयनी, तुका तारीख ठावक आसा?”

“तारीख माका कधीच ठावक नव्हती. ती तुझ्या भावाक. माका वाट ठावक आसा. वड झालो काय तळा. तीस वर्सा.” आणि फोन तिने परत दिला नाही. सुविधा उंडा पाव आणि चहा संपवेपर्यंत जानकीने आणखी चार ठिकाणी बोट ठेवलं. “हय चार दिवस मोकळे कसे? हय आमका आंघोळीक सुद्धा वेळ नसता.”

सुविधाला फॉर्मवरची आपली सही दिसू लागली. सही निळ्या शाईची होती. चांगली वळणदार, वकिलाकडे कमावलेली.

माडीवर साईशने दहा मिनिटांत चूक शोधून काढली, आणि सापडल्यावर तो इतका खूश झाला की चूक आपली आहे हे विसरला.

“तळ्याची जत्रा चतुर्थीची, आणि चतुर्थीच गिळली गेली, ताई. त्या दिवशी तृतीया उजाडता. मागीर चतुर्थी येता आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत संपता. तिच्या वाट्याक सूर्योदयच नाय. प्रोग्रॅम सूर्योदय बघता. ती मिळना म्हणून त्याने तिका तृतीयेच्या मांडीर बसवली.”

“मग अशा वर्सा गाव काय करता?”

“गाव आपल्याक होया ता करता. एक गाव आदल्या राती, एक दुसऱ्या राती, एक मानकरी म्हणता तेव्हा. ता मी प्रोग्रॅमात कसा लिवू?”

“लिवताना विचारलंस कोणाक?”

“विचारूचा तुमी. मी लिवतंय, धरूचा काम टेस्टरचा.”

“मी चुका धरू म्हणान तू करतंस?”

“देवेशबाबानी सांगितला पंचांगातला उचल. मी उचलला.”

देवेश इतका वेळ समोसेवाल्याशी बोलत होता. त्याने फोन ठेवला, फॉर्म पुढे ओढला आणि अगदी प्रेमाने विचारलं, “सही कोणाची आसा, सुविधाबाय?”

उत्तर कागदावर होतं.

“मग झाला तर. वर देवाचोय कौल आसा. रविवारी सोडया. लोकांक चूक दिसली काय लोक कळवतले, आपण बदलया. मोठ्या कंपन्याय तशाच करतत. शेवटी लोकच तपासतत.”

“लोक म्हणजे माझी वयनी, बाबा. अंधारात, डबे घेऊन, कुत्र्यांच्या मधी.”

“एका वयनीसाठी उद्घाटन थांबवू?”

“मग मी सही काढून घेतंय.”

देवेश खिडकीबाहेर बघू लागला. खाली कुणीतरी कमोड टेंपोत चढवत होतं. “काढलंस तर सोमवारी कष्ट करून येऊ नको,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. त्यामुळे ते खरं वाटलं.

सुविधाने सहीवर एक सरळ आडवी रेघ मारली, डबा पिशवीत टाकला आणि पेडण्याची बस धरली. बसमध्ये तिला राग आला तो देवेशचा नव्हे. सोमवारी आपणही तीनच जत्रा पाहिल्या होत्या, याचा आला. राक्षस पकडायला खाजं विकणारी बाई लागावी, आणि टेस्टर म्हणून पगार मात्र आपण घ्यावा.

शनिवारी सकाळी ती देवेशच्या गावच्या देवळात गेली. म्हटलं, कौल देवाने दिलाय, तर परतही त्यानेच घ्यावा. पुजारी बाबाजी सत्तरीचे. समई घासत बसले होते.

“बाबाजीकाका, कौल लावूचो आसा.”

“काय म्हणान लावू?”

“ॲपातल्या तारखा बरोबर आसत काय म्हणान.”

“तुका काय दिसता?”

“चुकीच्यो आसत.”

“मग देवाक कित्याक विचारतंस? डोळ्यांनी दिसता ता देवाक विचारूचा नसता. देव काय तुमच्या ऑफिसात कामाक आसा?” त्यांनी समई उलटी केली. “तो देवेशय तसोच. पयलो कौल डावो पडलो. म्हणालो, पाकळी ओली होती, परत लावा. लावली. परत डावो. म्हणालो, फॅनचो वारो लागता, फॅन बंद करा. केलो. तिसऱ्या खेपेक उजवो पडलो. देवय कंटाळता गो बाये.”

सुविधा हसली ती खांब धरूनच. साईशची रीत हीच. चाचणी नापास झाली की तो तीच पुन्हा चालवतो, मग पुन्हा, आणि एकदाची पास झाली की म्हणतो, बघा, चलता.

हसून झाल्यावर तिने विचारलं, “काका, तुमच्या गावात तिथी गिळली गेली तर जत्रा कधी करतत?”

बाबाजींनी समई खाली ठेवली. तासभर ते बोलले. या गावचं, त्या गावचं, कुठे पालखी आधी, कुठे दिवा पेटला की, कुठे दोन मानकऱ्यांचं भांडण मिटलं की. मधेच उठून घंटेमागच्या भिंतीवर लिहिलेले मानकऱ्यांचे फोन नंबर दाखवले. सुविधाने लिहून घेतलं, आणि मग वयनीला फोन लावला.

“टेंपोवाल्या तुझ्या तिघींक घेऊन ये. बसूचा काम आसा.”

दुपारपर्यंत सभामंडपात एकशे चाळीस जत्रा कागदावर पसरलेल्या होत्या. वर पानाचे डबे ठेवले होते, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. मंजुळा, हर्षा, अश्विनी आणि जानकी चारी बाजूंनी बसून ॲपला शिव्या घालत होत्या. एक म्हणे ही त्याच्या आधी, दुसरी म्हणे तुझं डोकं, त्या वर्षी तुझी सून बाळंत होती म्हणून तू चुकलीस. भांडण मिटेना तिथे सुविधा मानकऱ्याला फोन लावी. एकाने आधी विचारलं, तू कोणाची? दुसऱ्याने तारीख सांगून वर जेवायला बोलावलं. दिवेलागणीपर्यंत नव्वद जत्रा पक्क्या झाल्या. त्यातल्या अकरा ॲपात चुकीच्या होत्या.

त्याच वेळी देवेश आला. देवापुढे पहिली पत्रिका ठेवायला, नवा झब्बा घालून. सभामंडपात आपलं ॲप असं सोलून वाळत घातलेलं बघून तो पायरीवरच थांबला.

बाबाजींनी वर बघितलं. “ये रे देवेश. फॅन बंद करू?”

देवेशने चप्पल काढली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. थोडा वेळ तो पत्रिकेशी चाळा करत उभा राहिला, मग जानकीच्या शेजारी मांडी घालून बसला.

“किती झाल्यो?” त्याने सुविधाला विचारलं.

“नव्वद.”

“उरलेल्या?”

“उरलेल्यांपुढे लिव, गावाक विचारतंव. खोटी तारीख देण्यापरीस ता बरा.”

“पाहुण्याच्या गावची जत्रा झाली?”

जानकीने कागदात बोट फिरवलं. “ती उरलेल्यांत आसा. त्या गावात दोन मानकरी, तीन मतां.”

देवेशने डोळे मिटले. मग साईशला फोन लावला आणि म्हणाला, “जेवलंस काय? नाय तर जेवून बस. ताई तारखा सांगता, घाल.”

उद्घाटन झालं. पाहुण्याने मंचावरच आपलं गाव काढलं आणि वाचलं, ‘गावाला विचारतो आहोत’. तो इतका हसला की देवेशला ती युक्ती स्वतःचीच वाटू लागली. सोमवारी सुविधा कष्ट करून ऑफिसात गेली. फॉर्म तिच्या मेजावर होता. देवाच्या ओळीवर देवेशने स्वतः रेघ मारली होती, आणि सहीच्या जागा आता तीन केल्या होत्या. जानकीलाही सही करशील का विचारलं, तर ती म्हणाली, माका नको, चुकला तर लोक माकाच धरतत, सहीची गरज नसता.

सोळा तारखेला वडाची जत्रा झाली. सतराला दुपारी टेंपो तळ्याकाठी उतरला. माळ भरत होता, फुगेवाले फुगे फुगवत होते, बांबू उभे होते. सुविधाने रजा काढली होती. जानकीने जागा झाडली, पिशवी अंथरली, खाजं रचलं, आलं पुरेसं आहे का ते एक तुकडा तोडून बघितलं.

दशावतारी मंडळींतला राक्षस कुंपणापलीकडून चहा घेऊन आला. वयस्क माणूस, अंगात बनियन, कालच्या रंगाची काळी रेघ कानामागे राहिलेली. तो टेकला आणि त्याने न विचारता एक खाजं उचललं.

“काल बरो मेलंस,” जानकी म्हणाली.

“पाय दुखता,” तो म्हणाला. “आज परत.”