देवीच्या सोबतीला

लीला भिंतीला धरून खाली घोंगडीवर बसू पाहत होती आणि तिच्या सासूबाई, द्वारकाबाई, दारातून नुसत्या बघत होत्या. नवरात्राआधीच्या निद्रेला देवी कालच गेली होती. ती जागी होऊन सिंहासनावर बसेपर्यंत तुळजापुरातल्या या पुजाऱ्याच्या घरात कुणी पलंगावर, गादीवर अंग टाकत नसे. लग्न झाल्यापासून लीलानं हे कधी चुकवलं नव्हतं.

पण गेल्याच आठवड्यात सोलापुरात कॅन्सरपायी तिचा डावा स्तन काढला होता. टाके ओढत होते. गोळ्यांच्या गुंगीत भिंत कधी जवळ यायची, कधी लांब जायची. गाठीचं कळलं आणि घराची रीतच पालटली बघा. तिचा नवरा यज्ञेश, यजमानांपुढं तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस, घरात मुका झाला. शेजारची गंगम्मा रोज चेष्टा करायला यायची, ती आता उंबऱ्यातूनच हळू आवाजात विचारपूस करून परतायची. लेक नीरजा आईला साधं ताट उचलू देईना. माया सगळ्यांचीच होती, पण त्या मायेत लीलाचं एकेक काम हातातून गेलं. हे पलंग पाळणं, देवी निजलेली असताना भुईवर निजणं, तेवढं उरलं होतं. तेही सुटलं तर आपण या घरात नुसत्या दुखणेकरी, ही धास्ती तिला आजारापेक्षा जास्त होती.

डॉक्टरांनी पलंगच सांगितलाय, असं यज्ञेश कसाबसा म्हणाला. लीला ऐकेना.

मग द्वारकाबाई आत आल्या. सोवळ्याओवळ्यात, उपासतापासात तसूभर न हलणारी बाई! त्यांनी घोंगडी गुंडाळली, पलंगावर गादी घातली, वर धुतलेली चादर पसरली.

"वर नीज," त्या म्हणाल्या. "देवी निजली की घरातल्या एका बाईनं तिच्या सोबतीला गादीवर निजायचं असतं. माझ्या सासूनं सांगितलंय."

"आत्या, आजवर कधी बोलला न्हाईत तुमी."

"आजवर गरज पडली न्हाय."

असा नियम कुठं नव्हता. या घरातला लीलाला ठाऊक नसलेला नियमच नव्हता. आणि देवीचं नाव घेऊन द्वारकाबाई खोटं बोलल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिला हसू आलं, त्यातच रडूही आलं. ती गुमान वर चढली.

दुपार मऊ होत गेली. गादी खोल झाली, दुखणं कुठंतरी खाली राहिलं. शेजारी आणखी कुणीतरी निजलंय, तितकंच दमलेलं, असं तिला वाटू लागलं. त्या श्वासाला श्वास लावून ती पडून राहिली.

डोळे मिटता मिटता तिला देव्हाऱ्यापुढं उभ्या द्वारकाबाई दिसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी आपले कान धरले होते.