इंदापूरची बुकिंगं चढेनात

सकाळी अकराला इम्पोर्ट लावला तेव्हा वृषालीला वाटलं होतं, चहा होईस्तोवर उरकेल. एक वाजत आला तरी पडद्यावरचा आकडा तीनशेच्या आसपासच घुटमळत होता. चढवायची होती इंदापूर शाखेची चार वर्षांची बुकिंगं, तीन हजार दोनशे चाळीस. उद्यापासून दोन्ही शाखांची ढोबळी मिरचीची रोपं कन्हेरीच्या याच रोपवाटिकेतून वाटायची होती, म्हणून सगळी यादी इथल्या सर्व्हरवर हवी होती.

बाळंतपणानंतर कामावर येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. मालक महिपतीतात्यांनी सकाळीच ऐकवलं होतं, "आज सांजच्यापत्तुर झालं न्हाय, तर मी दुसरं मानूस बघतो. तुझं ध्यान निम्मं घरीच असतं."

ते अगदीच खोटं नव्हतं. आठ महिन्यांच्या शिवमला सासूबाईंजवळ ठेवून ती यायची आणि तासातासाला "झोपला का?" विचारायची. आज मात्र तिने घरी एकदाही फोन केला नव्हता.

नेटची वायर काढून परत घातली. ऑफिसातले बाकीचे दोन कॉम्प्युटर बंद केले. सर्व्हर बंद करून चालू केला. फाईलचे चार तुकडे करून एकच चढवून पाहिला, तरी चाल तीच. मिनिटाला तीन नोंदी. शेवटी सॉफ्टवेअरवाल्या रविंद्रला तिसऱ्यांदा फोन लावला.

"मॅडम, सांगितलं ना, रॅम कमी पडतीये. मोठा सर्व्हर घ्या."

"अहो, पण इथं दाखवतंय की त्याला कामच नाहीये. चार टक्के फक्त."

"दाखवतं तसं कधी कधी."

कधी कधी म्हणजे कधी? तिला काही उमगेना. दमलेलं यंत्र तापतं, घरघरतं. हे तर गारठून बसलं होतं, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं. पण कुणाची?

"वैनी, रोपं भरायला आलोय." दारात भवानीनगरचा पिकअपवाला सिद्धू उभा होता.

"कसली रोपं? वाटप उद्या आहे."

"मेसेज तुमचाच हाय की! एक न्हाय, चाळीसेक आल्यात. टोमॅटो, वांगी, कोबी, समदं तयार म्हनं. अन् ह्यो मेसेज बघा, इंद्रजितच्या नावाचा. दोन सालामागं रान इकून पुन्याला गेलाय. त्यानं कुठं लावायची रोपं? ग्यालरीत?"

वृषाली आणखीच गोंधळली. तिने तर आज कुणालाच मेसेज केला नव्हता. "पण सगळ्यांचे मेसेज तुम्हालाच कसे?"

"आमच्याकडं रोपं न्यायची माझ्या गाडीतनं. मग बुकिंगला नंबर पन माझाच देत्यात लोक."

तेवढ्यात त्याचा मोबाईल टुणकन वाजला. "हा बघा, आला अजून एक."

तिने सवयीने पडद्याकडे पाहिलं. तीनशे चाळीस. वीसेक सेकंदांनी पुन्हा टुण. तीनशे एक्केचाळीस. टुण. तीनशे बेचाळीस.

तिने इम्पोर्ट थांबवला. मोबाईल गप्प झाला.

मागच्या आठवड्यात तात्या म्हणाले होते, रोपं तयार झाली की लोकांना आपोआप कळू दे. मेसेजची ती सोय तिनेच चालू केली होती. जुन्या बुकिंगांच्या तारखा उलटलेल्या, त्यामुळे सर्व्हरच्या लेखी सगळीच रोपं तयार. एक नोंद घ्यायची, 'रोपं तयार आहेत, घेऊन जा' असा मेसेज धाडायचा, तो पोचल्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं आणि मग पुढची नोंद.

तिने ती सोय बंद केली आणि इम्पोर्ट पुन्हा लावला. आकडा असा पळाला की वाचता येईना. दीड मिनिटात सगळं संपलं. आनंद व्हायला हवा होता, पण गेलेले मेसेज परत येणार नव्हते.

तात्या आत आले. "झालं व्हय? रविंद्रचा फोन आलता. सर्व्हर बारका पडतोय म्हनं."

'हो' म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता.

"नाही तात्या, सर्व्हर चांगला आहे. मेसेज बंद करायचे मीच विसरले. तीनशे बेचाळीस मेसेज गेलेत, रोपं न्यायला या म्हणून."

तात्यांनी टोपी काढली, परत घातली. चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"बसल्या जाग्यावरनं गावंच्या गावं बोलावलीस की गं," ते म्हणाले. "आता फोन लाव समद्यांना. अन् उद्या सातला ये."

"मी?"

"मंग कोन? ती यादी मला वाचता येतीया व्हय?"

हे रागावणं होतं की ठेवून घेणं? सिद्धूने त्याच्या चाळीस जणांना कळवायचं अंगावर घेतलं. उरलेल्यांतला पहिला नंबर तिने फिरवला.

"नमस्कार, रोपवाटिकेतून वृषाली बोलतेय. मघाचा मेसेज चुकून गेलाय. आज येऊ नका."

"येऊ नका म्हंजी?" पलीकडचा म्हातारा आवाज गडबडला. "मी फाटकापाशी हुबा हाय. आत येऊ का माघारी जाऊ?"

फोन कानाला तसाच धरून तिने खिडकीतून पाहिलं. फाटकाबाहेर एक पिकअप होती, तिच्यामागे दुसरी, आणि तिच्याही मागे ट्रॅक्टर.

"आत या आजोबा," ती म्हणाली, "चहा घेऊन जा."