सारखाच पगार

कवळ्या बनवायच्या त्या कारखान्यात दोघी शेजारशेजारी बसत. एक साच्यांत प्लास्टर ओतायची, दुसरी दात घासून चकचकीत करायची. नातं काडीचं नव्हतं, पण सगळे त्यांना धाकटी आणि थोरलीच म्हणत. दिवसभर परक्या तोंडांची काळजी वाहताना दोघींची स्वतःची तोंडं मात्र मिटत नसत. नवऱ्याचं घोरणं, सासूचं पोट, थोरलीचं ऑपरेशन, काही म्हणता काही झाकलेलं नव्हतं. पगाराचा विषय तेवढा कुणी काढत नसे.

एकदा थोरलीनंच डब्यातून मान वर न करता विचारलं, "तुला किती गं देतात?" आणि आपला आकडा सांगून मोकळी झाली.

धाकटीनं उचललेला घास परत डब्यात ठेवला. मागून आलेल्यांना मालकानं नव्या, चढ्या दरानं घेतलं होतं; तिला थोरलीच्या दीडपट मिळत होतं. खरं सांगितलं तर हे माणूस तुटेल, या भीतीनं ती म्हणाली, "मलाही तेवढाच."

"म्हणजे दोघी सारख्याच फाटक्या खिशाच्या," थोरली खुदकन हसली. त्या हसण्यासाठी धाकटी आणखी दहा वेळा खोटं बोलली असती.

पण थोरली हातावर हात ठेवून बसणारी बाई नव्हे. स्वतःसाठी जिनं जन्मात कधी शब्द टाकला नव्हता, ती दुसऱ्याच दिवशी तडक मालकाच्या खोलीत शिरली. दाराआडून आवाज येत होता. "माझं राहू द्या हो. पण त्या पोरीनं एवढ्याशात घर कसं चालवायचं?" मग मालक हळू आवाजात काहीतरी म्हणाला. थोरली बाहेर आली आणि धाकटीकडे न बघता आपल्या जागेवर जाऊन बसली. धाकटीनं कालवलेलं प्लास्टर भांड्यातच घट्ट झालं.

मालक तसा वाईट नव्हता. ओशाळून त्यानं थोरलीचा पगार धाकटीइतका केला. आता दोघी खरंच सारख्या झाल्या. धाकटी वाट बघत राहिली, की आज ही भांडेल, खोटारडी म्हणेल, चारचौघांत पाणउतारा करेल. त्या शिव्यांसाठी तिचा जीव आसुसला होता. थोरली मात्र मान खाली घालून दात घासत राहायची.

शेवटी एका दुपारी धाकटीला राहवेना. "ताई, बोल ना गं काहीतरी. वाटलं तर दोन थोबाडीत मार."

थोरलीनं हातातली कवळी बाजूला ठेवली, हात पुसले आणि अगदी नीट हसली.

"छे, मी कशाला रागावू? तुम्ही जेवून घ्या."