आठ सिलिंडरचं इंजिन

"वामनराव, हात नोको लावू गा. पयले पाहू दे मले," देवाजी म्हणाला आणि इंजिनावरचं बारदान त्यानं स्वतःच ओढून काढलं.

महाल नावाच्या जुन्या वस्तीत माझं लेथचं दुकान आणि समोरच देवाजीचं गॅरेज. बावीस वर्षं मी त्याच्या इंजिनांचे सिलिंडर बोअर करून देत होतो, पण असलं धूड कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही अंगांना चार-चार सिलिंडर, साडेपाच लिटरचं. लढाईतल्या कुठल्याशा चिलखती गाडीतून निघालेलं आणि कामठीच्या भंगारवाल्याकडे धूळ खात पडलेलं. आळीत मला सगळे बडबड्या म्हणतात, पण तेव्हा मी नुसता त्याच्याभोवती फेऱ्या मारत राहिलो. देवाजीनं तर पायातल्या चपला बाजूला काढून ठेवल्या होत्या. ते त्याच्या ध्यानातही नसावं.

इंजिन आणलं होतं काटोलच्या भैय्याजींनी. संत्र्याच्या बागा, वय तिशीचं, आणि काकांकडून मिळालेली दोन सीटांची इंग्रजी स्पोर्ट्स कार. तिच्या मूळ इंजिनाचा ब्लॉक तडकला होता. फेब्रुवारीत मद्रासला शर्यत होती आणि भैय्याजींना तिथे मोठ्या इंजिनाची गाडी घेऊन उतरायचं होतं. त्यांनी दोन इंजिनं आणून टाकली. एक हे आठाचं. दुसरं एका अपघातातल्या मोठ्या मोटारीचं सहा सिलिंडरचं; मी बोअर वाढवला आणि क्रँक बदलला तर ते चार लिटरपर्यंत जाणार होतं.

"देवाजी, तुम्ही सांगान थे खरं," भैय्याजी म्हणाले. "आठ म्हणा, आठ. सहा म्हणा, सहा."

"तीन दिवस द्या," देवाजी म्हणाला.

तीन दिवस कशाला, ते मला ठाऊक होतं. त्रेचाळीस साली, अठराव्या वर्षी, देवाजी एका लष्करी वर्कशॉपात सफाईवर होता. तिथे अशीच आठाची इंजिनं यायची. फोरमन जात विचारून काम वाटायचा. देवाजीनं सुटे भाग रॉकेलात धुऊन द्यायचे, पान्याला हात लावायचा नाही. जोडलेलं इंजिन चालू झालं की यानं शेडच्या बाहेर उभं राहून ऐकायचं. छप्पन साली बायकोसोबत दीक्षा घेऊन आल्यावर त्यानं मागचं पुष्कळ सोडून दिलं, पण हे एक सुटलं नाही. "मले एकदा थे इंजिन माह्या हातानं जोडाचं आहे गा," असं त्यानं चहाच्या टपरीवर मला किती वेळा सांगितलं असेल!

आता चाळीस वर्षांनी ते त्याच्या दारात आलं होतं. त्यानं नुसतं 'आठ' म्हणायचं बाकी होतं.

अडचण होती ती त्याच्याच शिस्तीची. कुठल्याही गाडीत परकं इंजिन घालायचं तर आधी त्या जागी लाकडी चौकट बसवायची, इंजिनाच्या भाराइतकी लोखंडी वजनं रचायची आणि गाडी उतारावरून सोडून पाहायची. वजनं तो कळमन्याच्या धान्यबाजारातल्या आडत्याकडून आणायचा.

"या खेपेले राहू दे ना थे वजनं," मी म्हटलं. "भैय्याजी तुह्यावर सोडून राहिले. आठ म्हण अन् मोकळा हो."

"गाडीत थे बसनार आहेत, वामनराव. मी नाही."

रविवारी सकाळी सेमिनरी हिल्सच्या उतारावर टेम्पोनं गाडी ओढून नेली. खालच्या वळणावर संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांची भिंत रचली. देवाजीनं चौकटीत वीस-वीस किलोची वीस वजनं एकेक करून ठेवली. आठाचा भार एवढा. मी देवधर्मातला माणूस नव्हे, पण त्या दिवशी मनातल्या मनात चक्क हात जोडले.

गाडी सुटली. भैय्याजींनी ब्रेक दाबला तसं तिचं नाक खाली गेलं. त्यांनी स्टिअरिंग फिरवलं, चाकंही वळली, पण गाडी काही वळली नाही. ती सरळ पेट्यांत घुसली आणि फळ्या उडाल्या.

देवाजीनं सहा वजनं उतरवली, पेट्या पुन्हा रचल्या आणि गाडी वर न्यायला लावली. चौदा वजनं म्हणजे सहा सिलिंडरवाल्याचा भार. या वेळी गाडी घराकडे निघालेल्या वासरासारखी झपकन वळली.

भैय्याजी हसतच उतरले. "काही नाही होत, देवाजी! पुढच्या स्प्रिंगा जाड टाकू. मी ओढतो न दोन्ही हातांनी. आठच बसवा."

देवाजीनं माझ्याकडे पाहिलं. भैय्याजी आठासाठीच हट्ट धरताहेत, म्हणजे चाळीस वर्षांची ती गोष्ट त्यांच्या कानावर मीच घातली होती, हे त्यानं ओळखलं. मी मान खाली घातली. तो वाकून तुटक्या फळ्या गोळा करत राहिला. हातात मावेनात तेव्हा कुठे उभा राहिला.

"सहाचंच बसन," तो म्हणाला.

"पन तुमचे चाळीस वर्षं..."

"माह्या चाळीस वर्षांचा भार तुमच्या गाडीवर काहून टाकू, भैय्याजी?" मग हातातल्या फळ्या खाली ठेवत म्हणाला, "एक मागतो. थे आठवालं भंगारात वापस जाईल न? पुढच्या सोमवारपर्यंत ठेवा माह्यापाशी."

भैय्याजींनी मान डोलावली.

त्या आठवड्यात देवाजीनं दुसरं काम घेतलं नाही. सिलिंडरांत तेल सोडून अडकलेले पिस्टन मोकळे केले, सगळं इंजिन खोललं, एकेक भाग रॉकेलात धुतला. शनिवारी त्यानं मला हाक मारली. पिस्टन बसले होते, सिलिंडरवरची झाकणं, म्हणजे हेड, अजून चढायची होती. त्यानं क्रँकला लांब पाना लावला आणि हलकेच फिरवू लागला. आठही पिस्टन आपापल्या पाळीनं वर येत होते, खाली जात होते, आणि या इंजिनाचे ब्लॉकमध्येच बसवलेले व्हॉल्व्ह उघडमिट करत होते. कुठे खरखर नाही. देवाजी कान देऊन ऐकत होता. मी इतकी वर्षं लोखंड कापत आलो, पण लोखंडापुढे माझे डोळे भरून आले ते तेव्हाच.

"एकदा चालू करून पाहाचं?" मी विचारलं.

"याले कार्बोरेटर नाही, डायनॅमो नाही. नाही होत गा."

सोमवारी सकाळी भंगारवाल्याचा माल वाहायचा ठेला दारात येऊन उभा राहिला. देवाजी दुसऱ्या हेडवर वाकलेला होता. हेडचे बोल्ट मधून बाहेर कसत जायचे असतात आणि तेही तीन फेऱ्यांत. एकदम कसले तर हेड वाकतं.

"देवाजी," मी म्हटलं, "कामठीले उतरलं का याच्यावर घन पडन."

"मालूम आहे मले," तो म्हणाला.

त्यानं पाना पुसला आणि मधल्या बोल्टपासून तिसरी फेरी सुरू केली. ठेलेवाला बिडी पेटवून पायरीवर बसला. मी त्याला थांब म्हणून सांगितलं.